गाडी चार्ज होत नाही? आधी भिंत तपासा

आजचं बोलणं गाडीबद्दल आहे. पेट्रोलच्या नाही, भिंतीला वायर लावून चार्ज करायच्या गाडीबद्दल.

आपल्या पट्ट्याला हा विषय परका नाही. आकुर्डीत पूर्वी पेट्रोलवरची चेतक बनायची, तिथेच जून २०२२ मध्ये बजाजने विजेवरच्या चेतकचा कारखाना सुरू केला. चाकणला महिंद्राच्या विजेवरच्या मोठ्या मोटारी बनतात. या भागातल्या कितीतरी मुली, सुना वायरिंग हार्नेसच्या लाइनवर काम करतात, म्हणजे गाडीतल्या वायरींच्या जुड्या बांधतात. आमच्यातल्याही काही जणी त्याच कामातल्या. म्हणून वायर, पिन, कनेक्टर हे शब्द आमच्या घरात भाजी-भाकरीसारखे चालतात.

आता या गाड्या दारातही आल्या आहेत. कुणाकडे विजेवरची स्कूटर, कुणाच्या बचत गटाकडे माल नेणारी तीनचाकी, कुणाकडे ई-रिक्षा. राज्याच्या महिला व बालविकास विभागाने २०२४ मध्ये पिंक ई-रिक्षा योजना आणली. त्यात २० टक्के रक्कम सरकारची, १० टक्के बाईची आणि ७० टक्के बँकेचं कर्ज. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यात अशा रिक्षांचं वाटप झालं. ७० टक्के कर्ज असलं की गाडी दारात उभी राहिली तरी हप्त्याची तारीख थांबत नाही. त्यामुळे गाडी बंद पडली की पोटात गोळा येतो, आणि अशा वेळी जो भेटेल त्याचं आपण ऐकतो. तो बहुतेक वेळा म्हणतो, ‘ताई, बॅटरी गेली.’

बॅटरी हा गाडीतला सगळ्यात महाग भाग. ती खरंच गेली असेल तर गेली, पण आमचं सांगणं असं आहे की तिथे सगळ्यात शेवटी पोचायचं. आधी घराची भिंत, मग चार्जर, मग गाडी. पुष्कळ वेळा बिघाड भिंतीतच सापडतो, आणि तो काही शे रुपयांत दुरुस्त होतो. न सापडला तर तोच बिघाड जीवावर बेततो.

मिक्सर चालू झाला नाही तर आपण काय करतो? त्याच सॉकेटला इस्त्री लावून बघतो. इस्त्री तापली म्हणजे सॉकेट बरं आहे, मिक्सरमध्ये खोट आहे. गाडीचंही तसंच. चार्जिंग सुरू होत नसेल तर पहिल्यांदा घरातली वीज आहे का, एमसीबी पडलाय का ते बघा. मग गाडी आणि तिचा चार्जर दोन्ही घेऊन अशा ठिकाणी जा जिथे दुसऱ्या कुणाची गाडी रोज नीट चार्ज होते. तिथे आपली गाडी चार्ज झाली तर गाडीही बरी आणि चार्जरही बरा, घरची भिंत दुरुस्त करा. तिथेही झाली नाही तर त्याच कंपनीच्या, त्याच मॉडेलच्या गाडीचा चार्जर मागून लावून बघा. त्याने झाली तर आपला चार्जर बिघडलाय. त्यानेही झाली नाही तरच गाडीकडे वळायचं. दुसऱ्या कंपनीचा चार्जर मात्र लावायचा नाही. पिन बसते म्हणून तो चालतो असं होत नाही, दाब वेगळा असला तर बॅटरी खराब होते, पेटूही शकते.

आता भिंतीबद्दल जरा जास्त बोलू, कारण खरी मेख तिथे आहे.

मोबाइलचा चार्जर अगदी थोडी वीज ओढतो. मिक्सर जास्त ओढतो, पण चार-पाच मिनिटं. तीनचाकीचा चार्जर साधारण २ किलोवॉट ओढतो आणि तोही चार-चार तास. म्हणजे घरात गिझर लावून चार तास बंदच केला नाही असं समजा. दिव्याच्या बटणाशेजारी असतो तो बारीक पिनचा ६ अँपिअरचा सॉकेट या कामाचा नाही. जाड पिनचा १६ अँपिअरचा पॉवर पॉइंट लागतो, आणि त्याला मीटरपासून वेगळी वायर. तांब्याची, निदान अडीच चौरस मिलिमीटरची. गाडी अंगणात लांब उभी राहत असेल तर चारची. दिव्यासाठी घातलेल्या एकच्या वायरीवर हे काम टाकलं तर भिंतीच्या आत वायर तापत राहते आणि आपल्याला कळतही नाही.

सैल पिनचं गणित आम्ही लाइनवर शिकलो, ते सांगतो. चार्जर १० अँपिअर ओढतोय आणि सॉकेटमध्ये पिन ढिली आहे, तिथे अर्धा ओहम रोध तयार झाला, तर त्या एवढ्याशा जागेत ५० वॉट उष्णता तयार होते. आमच्या कामातली डाग द्यायची सोल्डरिंग इस्त्री २५ वॉटची असते. म्हणजे तशा दोन इस्त्र्या प्लॅस्टिकच्या सॉकेटमध्ये खुपसून चार तास ठेवल्यासारखं झालं. मग सॉकेट पिवळं पडतं, काळं पडतं, जळका वास येतो. आपण म्हणतो, ‘जुनं झालंय.’ जुनं नाही, ते जळतंय.

याची तपासणी सोपी आहे. चार्जिंग लावून अर्धा तास झाला की हात कोरडे करून, पायात चप्पल घालून, प्लगच्या प्लॅस्टिकला हाताची मागची बाजू टेकवा. कोमट लागलं तर ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेटच्या बटणाने चार्जिंग बंद करा आणि सॉकेट बदलून घ्या. बटण बंद केल्याशिवाय प्लग ओढायचा नाही, ठिणगी पडून पिन जळतात आणि पुन्हा ढिल्या होतात. चांगलं सॉकेट बसवायचा खर्च रिक्षाच्या एखाद-दोन दिवसांच्या कमाईचा आहे, त्यात काटकसर नको.

एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका, एवढंच त्याबद्दल. खिडकीतून वायर बाहेर काढून, गुंडाळी तशीच ठेवून चार्जिंग करताना आम्ही खूप ठिकाणी बघतो. गुंडाळलेली वायर स्वतःच्याच उष्णतेने शिजते.

आता अर्थिंग. चाकण, महाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडी या भागात कामगारांसाठी बांधलेल्या खोल्या आपण सगळ्यांनी बघितल्यात. एका मीटरवर दहा सबमीटर, आणि सॉकेटला तीन भोकं असली तरी मागे वायरी दोनच. वरचं मोठं भोक नुसतं शोभेचं. खोलीमालक म्हणतो, ‘इतकी वर्षं टीव्ही चालतोय ना?’ टीव्ही चालतो, पण चार्जरचं तसं नाही. चार्जरमध्ये अशी रचना असते की थोडीशी वीज अर्थिंगमधून जमिनीत जावी. अर्थिंगच नसेल तर ती गाडीच्या धातूच्या अंगावर बसून राहते. अनवाणी पायांनी, ओल्या जमिनीवरून गाडीला हात लावला की झिणझिण्या येतात. झिणझिण्या आल्या म्हणजे ‘नवीन गाडी आहे, असं होतं’ नाही. चार्जिंग बंद करायचं आणि अर्थिंग तपासल्याशिवाय पुन्हा लावायचं नाही. पुष्कळ चार्जर तर अर्थिंग नसेल तर लाल दिवा लावून बसतात, सुरूच होत नाहीत. तो चार्जरचा बिघाड नाही, त्याचा शहाणपणा आहे. काही लोक जाड पिन कापून दोन पिनांवर काम भागवतात, ते अजिबात करू देऊ नका.

वायरमनला बोलावलं की त्याला तीन मापं मीटरने घेऊन दाखवायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये साधारण २३० व्होल्ट यायला हवेत. फेज आणि अर्थिंगमध्येही जवळपास तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये शून्याच्या आसपास, एक-दोन व्होल्ट. दुसरं माप भलतंच कमी आलं तर अर्थिंग नावालाच आहे. घर स्वतःचं असेल तर अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते माहीत करून घ्या. त्यात कोळसा आणि मीठ असतं आणि त्याला ओल लागते. चैत्र-वैशाखात तो कोरडा ठणठणीत होतो. तुळशीला पाणी घालता तसं आठवड्याला एक बादली तिथेही ओता. आणि चार्जिंगच्या वायरीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. जुने वायरमन त्याला ईएलसीबी म्हणतात. वीज अंगातून जाऊ लागली तर तो डोळ्यांची पापणी लवायच्या आत बंद करतो. पावसाळ्यात तो वारंवार पडायला लागला तर वैतागून काढून टाकू नका. कुठेतरी ओल शिरली आहे, हेच तो सांगतोय.

संध्याकाळी शेतीपंप आणि घरं एकदम चालू होतात, तेव्हा दाब कमी येतो. चार्जर मध्येच थांबतो किंवा कासवगतीने चालतो. तेव्हाही बिघाड गाडीत नसतो. रात्री अकरानंतर लावून बघा. दाब कायमच कमी असेल तर महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा.

विजेचा धक्का म्हटला की सगळ्यांना गाडीची बॅटरी आठवते, म्हणून हा फरक सांगतो. ई-रिक्षा आणि स्कूटरची बॅटरी बहुतेक ४८ व्होल्टच्या आसपास असते. भिंतीतली वीज २३० व्होल्ट. माणूस मारायची ताकद भिंतीत जास्त आहे. पण ४८ व्होल्टला हलकं समजू नका. बॅटरीच्या दोन टोकांना धातू टेकला तर क्षणात शेकडो अँपिअर वाहतात. पाटली, स्टीलचं कडं, लांब मंगळसूत्र, घड्याळाचा पट्टा, काहीही असो, ते लाल होऊन मांसाला चिकटतं. म्हणून सीटखालचं झाकण उघडायचं असेल तर आधी हे सगळं उतरवा, पदर खोचा. काचेच्या बांगड्या असल्या तर असू देत. मोठ्या मोटारींची गोष्ट वेगळी, तिथे तीनशे-चारशे व्होल्ट असतात आणि त्या वायरी भडक नारिंगी रंगाच्या असतात. नारिंगी वायर दिसली की हात मागे. लाइनवर आम्हालाही पहिल्या दिवशी हेच सांगतात.

आता बॅटरी. इथे फार गोंधळ होतो, कारण दोन जातींच्या बॅटऱ्या आहेत आणि दोघींची पथ्यं उलटी आहेत. एकीची सासू दुसरीला सल्ला देते तसं होतं.

जुन्या, स्वस्त ई-रिक्षांत शिशाच्या बॅटऱ्या असतात, इन्व्हर्टरला असते तशी पाण्याची. तिला रोज पोटभर लागतं. अर्धवट चार्ज करून ठेवली तर ती आतून कडक होत जाते. रोज पूर्ण भरायची, आणि रिकामी असताना रात्रभर तशीच ठेवायची नाही. पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटरच घालायचं. फिल्टरचं, उकळलेलं, बाटलीतलं पाणी चालत नाही, त्यातले क्षार बॅटरी खातात. ही बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडतो, तो ठिणगीने पेटतो. म्हणून चार्जिंग मोकळ्या हवेत. खंडेनवमीला गाडीची पूजा करतो ना, तेव्हा चार्जिंग बंद असू द्या आणि निरांजन, उदबत्ती बॅटरीच्या झाकणापासून लांब.

नवीन गाड्यांत लिथियमची बॅटरी असते. तिला अगदी रिकामं होणं आणि तापलेलं असताना चार्जिंग, दोन्ही मानवत नाही. २० टक्क्यांच्या खाली जाऊ न देणं बरं. दुपारी तीन वाजता उन्हातून फेरी मारून आलात की लगेच प्लग लावू नका, अर्धा-पाऊण तास सावलीत उभी करा, स्वतःही चहा घ्या. रोज शंभर टक्के भरायची गरज नाही, ऐंशी-नव्वदवर काम भागत असेल तर भागवा. पण कागदपत्रांवर ‘एलएफपी’ असं लिहिलं असेल तर आठवड्यातून एकदा पूर्ण शंभरपर्यंत भरू द्या. त्या जातीच्या बॅटरीत टक्क्यांचा आकडा मधल्या मध्ये फसवतो, पूर्ण भरली की तो ताळ्यावर येतो. ४० टक्के दाखवत असताना गाडी अचानक मंदावली असं सांगणाऱ्या मैत्रिणींचं कारण बऱ्याचदा हेच असतं. गाडीसोबतच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका.

आपल्याकडे आणखी एक प्रसंग दरवर्षी येतो. आळंदीहून पालखी निघाली की घरातली निम्मी माणसं वारीला जातात आणि गाडी तीन आठवडे उभी राहते. लिथियमची असेल तर अर्धी भरून, मुख्य स्विच बंद करून, सावलीत ठेवा. प्लगला लावून जाऊ नका. शिशाची असेल तर पूर्ण भरून ठेवा आणि शेजारणीला सांगा की दर आठ दिवसांनी भरून घे.

‘गाडी पूर्वीइतकी चालत नाही’ ही दुसरी मोठी तक्रार. चाकण–तळेगाव रस्त्यावर कामगारांच्या फेऱ्या करणाऱ्या एका ताईंची रिक्षा दुपारी चारलाच दम टाकायला लागली. आधी ती सात वाजेपर्यंत चालायची. एका ठिकाणी त्यांना सांगितलं की बॅटरी उतरली, नवी टाका. त्या रडकुंडीला आल्या होत्या. आम्ही त्यांना म्हटलं, फेरी संपली की तिन्ही चाकांच्या ड्रमजवळ हात न लावता नुसता हात धरून बघा, कुठलं जास्त तापलंय. मागचं डावं चाक भाजत होतं. जॅकवर उचलून हाताने फिरवलं तर फिरेना, ब्रेक धरून राहिला होता. म्हणजे बॅटरी सगळा दिवस ब्रेकशीच भांडत होती. गॅरेजवाल्याने लायनर साफ केले, केबल सैल केली. तिन्ही टायरांत हवाही कमी होती. गाडी पुन्हा सातपर्यंत चालू लागली. तेव्हा अंतर कमी झालं तर क्रम असा ठेवा: टायरची हवा, ब्रेक, वजन, मग बॅटरी. हवा किती भरायची ते गाडीवरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर सोडू नका. सुटीच्या वेळी कंपनीच्या गेटवर चारच्या जागी सहा जण चढतात, त्याचाही हिशेब बॅटरीतूनच होतो. खड्ड्यांबद्दल आम्ही काय सांगायचं, तुम्ही रोज त्यांतूनच जाता.

तिसरा प्रकार सगळ्यात फसवा. बॅटरी भरलेली आहे, पण किल्ली फिरवली तर काहीच नाही. दिवे नाहीत, पडदा काळा. बाई घाबरते, कारण तिला वाटतं मोठी बॅटरी मेली. मोठ्या मोटारीत एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी वेगळी असते, आपल्या साध्या गाडीत असते तशी. मोठ्या बॅटरीचं दार उघडायचं काम ती करते. ती उतरली तर आत कितीही वीज असली तरी बाहेर येत नाही, कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली. त्या छोट्या बॅटरीला काही हजार रुपये लागतात, मोठीला काही लाख. तीनचाकीत आणि स्कूटरमध्ये अशी वेगळी बॅटरी प्रत्येक वेळी नसते, तिथे मुख्य स्विच, फ्यूज आणि बॅटरीचा मोठा कनेक्टर बघायचा. खड्ड्यांनी तो सैल होतो. स्विच बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा आणि पुन्हा चालू करा, कधीकधी गाडी तेवढ्यानेच भानावर येते. पडद्यावर बिघाडाचा आकडा आला असेल तर बंद करण्याआधी मोबाइलवर त्याचा फोटो काढा. सर्व्हिस सेंटरला तो आकडा सांगितला की निम्मं काम झालं.

आपल्या घरातली काही मुलं कंपन्यांच्या साहेबांच्या गाड्या चालवतात. त्यांत प्लग-इन हायब्रिड नावाची जात असते, म्हणजे भिंतीला लावून चार्जही होते आणि पेट्रोलचं इंजिनही असतं. तिची दोन्हीकडची देखभाल करावी लागते. रोजचं जाणं-येणं विजेवरच होत असेल तर टाकीतलं पेट्रोल महिनोन्महिने तसंच राहतं आणि शिळं होतं. म्हणून टाकीत थोडंच ठेवायचं आणि अधूनमधून इंजिन पूर्ण तापेल इतकं चालवायचं. इंजिन फार चाललं नाही म्हणून ऑइल बदलायचं टाळू नये, ते किलोमीटरवर नाही तर महिन्यांवरही जुनं होतं. आणि अशा गाडीचीही १२ व्होल्टची छोटी बॅटरी असतेच, पार्किंगमध्ये महिनाभर उभी राहिली की आधी तीच मान टाकते. मुलाला सांगून ठेवा.

पावसाळा आणि उंदीर, दोन ओळीत. साचलेल्या पाण्यातून गाडी घालू नका, आणि धुताना मोटर, कंट्रोलर, चार्जिंगचं तोंड यांवर पाइपाची जोरदार धार मारू नका, ओल्या फडक्याने पुसा. धान्याच्या कणग्यांजवळ गाडी उभी असेल तर उंदीर वायरी कुरतडतात, आठवड्याला टॉर्च मारून खालून बघा.

गाडी कुठे उभी करून चार्ज करायची, हे मात्र घाईत सांगण्यासारखं नाही. मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याकडेला उभी असलेली विजेवरची स्कूटर पेटली, त्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. त्या वर्षी देशात अशा आणखीही घटना झाल्या आणि त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले. नव्या मंजूर गाड्या त्यामुळे बऱ्याच सुरक्षित आहेत. पण बाजारातून आणलेली बिननावाची बॅटरी, किंवा गॅरेजमध्ये खोलून सेल बदललेली बॅटरी या नियमांत बसत नाही. आणि चार खोल्यांना मिळून एकच बोळ असेल, त्या बोळातच गाडी चार्जिंगला लावली असेल, तर आग लागल्यावर बाहेर पडायची वाट तीच असते. त्या वाटेवर गाडी नको. झोपायच्या खोलीतही नको. पत्र्याच्या शेडखाली, मोकळ्यावर, गवत-सरपणापासून लांब. बॅटरीतून धूर, सुंई असा आवाज किंवा गोडसर-उग्र वास आला तर जवळ जायचं नाही. लांबचा मेन स्विच हाती लागत असेल तर बंद करायचा, मुलं आणि म्हातारी माणसं आधी बाहेर काढायची, १०१ किंवा ११२ ला फोन करायचा. लिथियमच्या आगीचा धूर विषारी असतो आणि विझल्यासारखी वाटून ती पुन्हा पेटते, म्हणून घागर घेऊन धावू नका.

बचत गटाच्या वह्या लिहायची आपल्याला सवय आहे, तशी एक वही गाडीचीही करा. तारीख, सकाळचे टक्के, संध्याकाळचे टक्के, किती किलोमीटर झाले, सबमीटरवर किती युनिट पडले. रोज एक ओळ. वॉरंटीत बॅटरी बदलून मागायची वेळ आली तर तोंडी सांगण्यापेक्षा ही वही उपयोगी पडते. बिलाचाही अंदाज येतो. साडेसात युनिटांची बॅटरी रोज भरली तर महिन्याला २०० युनिट सहज होतात. घरगुती दर १०० आणि ३०० युनिटांच्या पायऱ्यांवर वाढतो, तेव्हा घरखर्चाचं बिल अचानक का वाढलं ते या वहीतून कळतं. गाड्यांच्या चार्जिंगसाठी महावितरणचा वेगळा दर आणि वेगळी जोडणी असते. गटाच्या दोन-तीन गाड्या एका ठिकाणी चार्ज होत असतील तर त्याची चौकशी करणं फायद्याचं.

दोन मैत्रिणींनी प्रश्न पाठवलेत. पहिलीनं विचारलंय, रात्रभर चार्जिंगला राहिली तर बिघडते का? बॅटरी भरली की चार्जर आपोआप थांबतो, त्यामुळे गाडीला सहसा काही होत नाही. प्रश्न भिंतीचा आहे. आपण झोपलेलो असताना सॉकेट तापत असेल तर बघायला कुणी नाही. म्हणून आधी जागेपणी चार-पाच वेळा हात लावून खात्री करा, आरसीसीबी बसवा, मग रात्री लावा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, हे धरून बुधवारी रात्री भरून घ्या. आणि त्या गुरुवारी वायरमन मोकळा सापडला तर सॉकेटमागचे स्क्रू आवळून घ्यायला सांगा, मेन स्विच बंद करूनच.

दुसरीनं विचारलंय, जुनी ई-रिक्षा विकत मिळतेय, बॅटरी चांगली आहे हे कसं ओळखायचं? मालकाला म्हणा, २० टक्क्यांवर आणून आमच्या दारात ठेव, चार्जिंग आम्ही करतो. सबमीटरचा आकडा लिहून घ्या आणि शंभर टक्के होईपर्यंत भरा. लिथियमची साडेसात युनिटांची बॅटरी असेल तर २० ते १०० म्हणजे सहा युनिट आत जायला हवेत, चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते ती धरून मीटरवर साडेसहा-सातच्या आसपास. साडेचारच पडले आणि गाडी शंभर टक्के दाखवायला लागली, तर तिच्या पोटात आता दोन तृतीयांशच जागा उरली आहे. किंमत त्या हिशेबाने बोला.